सरदाराच्या नावावर

सरदार वंदाद गेल्याची बातमी संजदान गावात आली तेव्हा दादबेह घराच्या भिंतीला चिखल लिंपत होता. निरोप्या घोड्यावरून उतरलासुद्धा नाही; ओरडला आणि पुढच्या गावाकडं निघून गेला. दादबेह तिथंच चिखलात मटकन बसला. सख्खा बाप गेला तेव्हा हा माणूस रडला नव्हता, आता मात्र दाढी भिजेपर्यंत रडला. त्याची बायको दीनक बाहेर आली, काय झालं ते तिनं ऐकलं आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "रडायचं मागून बघू. जमिनीचं काय ते आधी बोला."

"अगं, माणूस गेलाय!"

"माणूस गेला ते कळलं मला. नाव कुठं गेलंय? ते तिथंच बसलंय, आपल्या जमिनीवर."

दीनकचं बोलणं हे असं. तिच्या माहेरचे सगळे तसेच, तोंडावर बोलतात आणि मग कोणी जेवायला बोलावत नाही. पण ह्या वेळी तिचं काय चुकलं, ते मला आजवर कोणी सांगू शकलेलं नाही.

वीसेक वर्षांपूर्वी आमच्या भागात सहलान नावाचा वसुलीचा अंमलदार होता. शेतसारा आमच्याकडं जमिनीच्या मापावर. दोरी टाकायची, जमीन किती जरीब भरते ते मोजायचं, आकडा सांगायचा. पीक आलं का, गारा पडल्या का, टोळानं खाल्लं का, हे विचारायचं काम दोरीचं नाही. शिवाय गावाचा आकडा एकच. एखादा पळून गेला तर त्याचा वाटा राहिलेल्यांच्या डोक्यावर. त्या साली गारांनी द्राक्षवेली झोडपून काढल्या आणि दादबेहचा धाकटा भाऊ एका पहाटे किरमानकडं पळाला. म्हणजे दादबेहवर दोघांचा सारा. तो म्हणाला, नाही. खरंच पैसा नव्हता. सहलाननं त्याला गावच्या चौकात भर उन्हात उभं केलं, डोक्याला तेल चोपडलं, खांद्यावर फुटक्या जात्याची पाळी ठेवली. माश्या घोंगावत होत्या आणि गाव दारांच्या फटीतून बघत होतं. दुपारच्या नमाजाच्या आधी दादबेह कोसळला. दीनकनं पायांतले चांदीचे वाळे काढले आणि सहलानच्या अंगावर फेकले. ते त्यानं झेलले, तोलून पाहिले आणि म्हणाला, "बाई, नेम चांगला आहे तुझा."

त्यानंतर गावच्या पाटलानं, माहफर्ननं, ती युक्ती काढली. युक्ती त्याची एकट्याची नव्हती म्हणा. पलीकडच्या खोऱ्यात सगळे तेच करत होते. डोंगरावरच्या गढीत नवा सरदार आला होता, दैलम मुलखाचा, पदरी घोडेस्वार असलेला. त्याचं नाव ऐकलं की वसुलीवाले घोडं वळवायचे. तर करायचं एवढंच, की दोन साक्षीदारांसमोर म्हणायचं, माझी जमीन मी सरदार वंदादला विकली, किंमत पोचली. किंमत अर्थात कोणी देत नाही आणि कोणी मागत नाही. जमीन कसायची आपणच, खायची आपणच, फक्त दहावा हिस्सा आणि नवरोजला दोन कोकरं सरदाराच्या दारी बांधायची. सारा सरदाराच्या नावानं भरला जातो, तोही नावापुरता, कारण सरदाराच्या शेतात दोरी टाकायची छाती कोणाची? ह्याला आमच्याकडं आसरा घेणं म्हणत.

"विकली म्हणायचं आणि विकायची नाही?" दीनकनं तेव्हा विचारलं होतं. "आणि उद्या कोणी म्हणालं की विकलीच होती, तर?"

"सरदार शब्दाचा पक्का आहे."

"सरदार असेल हो. सरदार काय खुंटा आहे का, कायम तिथंच राहायला?"

"बायकांना दरबारातलं काही कळत नाही," दादबेह म्हणाला. झालं. पुरुषाचं हे वाक्य आलं की बोलणं संपतं, आमच्याकडं तरी.

आणि खरं सांगायचं तर चांगले दिवस आले. पुढच्या वर्षी सहलान दोरी घेऊन आला तेव्हा गावानं त्याला काठ्या दाखवून शिवेवरून परतवला. सगळ्यांत पुढं दादबेह होता. सहलानचं घोडं बिचकलं, त्याची पगडी पडली, आणि गावातल्या पोरीबाळी हसल्या. फळबागेचा सारा धान्याच्या दुपटीहून जास्त, म्हणून आजवर कोणी झाडं लावायला धजत नव्हतं. आता दादबेह आणि दीनकनं ओढ्यापासून घरापर्यंत डाळिंबं लावली. दीनकनं गाळाची माती डोक्यावर वाहून आणली. तिला मूलबाळ नव्हतं, दोन होऊन गेली होती. त्या झाडांना ती नावं घेऊन शिव्या द्यायची. "अगं ए लंगडे, औंदा तरी फुलं धर, नाहीतर चुलीत घालीन." लंगडी सगळ्यांत गोड फळं द्यायची.

सरदार वंदाद दर शरदात, मेहरगानच्या सणाला यायचा. मोठा आवाज, मोठं पोट, पिण्यात कोणाला हार जायचा नाही. दादबेहच्या अंगणात गालिचावर लोळून डाळिंबं खायचा, दाणे दाढीत अडकायचे. दादबेहच्या पाठीवर थाप मारून म्हणायचा, "जमीन तुझी रे, माझं नुसतं नाव! माझ्या नावाला किती जण टरकतात ते बघायला मला मजा येते." दादबेह हे वाक्य गावभर सांगत फिरायचा. वीस वर्षांत सरदारानं ठरल्याहून एक मूठ जास्त घेतली नाही. माणूस खरा होता. आता खरेपणा त्याच्याबरोबर मातीत गेला आणि नाव त्याच्या मुलाकडं आलं.

मुलगा, फीरुजान, जव कापून झाल्यावर आला. बापासारखा नव्हता, पीत नव्हता. हळू बोलायचा, पाय पुसून गालिचावर बसला, दीनकनं दिलेलं ताक दोन्ही हातांनी घेतलं. दादबेहला वाटलं, चला, पोरगं वळणाचं आहे.

"दादबेहकाका, बाग फार छान ठेवलीत," फीरुजान म्हणाला.

"तुझ्या बाबांची कृपा, बाळ. त्यांच्या नावाखाली लावली."

"हो, बाबा सांगायचे. म्हणूनच आलो. आजवर तुम्ही दहावा हिस्सा देत होता. बाबा जरा भोळे होते ह्या बाबतीत. आपल्या भागात वाटेकरी अर्धा देतो. आणि बैल-बियाणं मालकाचं असेल तर दोन तृतीयांश. तुमचे बैल तुमचेच आहेत ना? मग अर्धा."

दादबेह हसला. त्याला वाटलं, पोराला बापाची थट्टेची सवय लागली. "बरं बरं, अर्धा! आणि घरही घेऊन टाक!"

"घर राहू द्या तुम्हाला," फीरुजान म्हणाला. "वाटेकऱ्याला घर लागतंच."

तेव्हा दीनक दारात होती. तिच्या हातातली परात तिनं जमिनीवर ठेवली, आवाज न करता. दादबेह अजून हसतच होता, पण तोंडानंच.

"बाळ, ही जमीन माझी आहे. तुझे बाबा नेहमी म्हणायचे. ह्या इथंच बसून म्हणायचे."

"काका, मी लहानपणी बाबांबरोबर इथं आलोय. ते पिऊन खूप काही म्हणायचे. माझ्या आईला म्हणायचे, तुझ्यासाठी बगदाद विकत घेतो." तो उठला, आणि खरोखर आदरानं वाकला. "मेहरगानपर्यंत विचार करा. ज्यांना राहायचंय त्यांनी राहावं, मी कोणाला हाकलत नाही. ज्यांना मान्य नाही त्यांनी सणाआधी निघावं."

तो गेल्यावर दादबेह पाटलाकडं धावला. माहफर्नची जमीनही त्याच आसऱ्यात होती. सगळ्या गावाची होती. माहफर्न अंगणात नवा अंगरखा घालून बसला होता. निळा, जरीच्या काठाचा. दादबेहनं अंगरख्याकडं बघितलं आणि त्याला विचारायचं राहिलंच.

"मला कारभारी नेमलंय," माहफर्न स्वतःच म्हणाला. "माझी जमीन मला सोडलीय त्यानं."

"म्हणजे तू साक्ष देणार नाहीस."

"कसली साक्ष, दादबेह? साक्षीदार दोघं, दोघंही मेले. आणि ते असते तरी काय म्हणाले असते? तू त्यांच्यासमोर विकली म्हणालास, तेच ना?"

"युक्ती तुझी होती, मेल्या!"

"युक्ती माझी होती. जीभ तुझी होती," माहफर्न म्हणाला, आणि मग त्याची त्यालाच लाज वाटली असावी, कारण त्यानं दादबेहला खरबूज कापून दिलं. दादबेहनं ते त्याच्या नव्या अंगरख्यावर फेकलं. त्यातल्या त्यात तेवढं एक समाधान.

मग तो शहरात काजीकडं गेला. तीन वेळा दारातून परत पाठवला, चौथ्यांदा आत घेतला. काजी वाईट माणूस नव्हता, आणि तीच पंचाईत होती. वाईट असता तर त्याला शिव्या घालत घरी येता आलं असतं. म्हातारा, डोळ्यांना पाणी येणारा, पण ऐकून घेणारा होता. दादबेहनं सगळं सांगितलं, सहलानपासून डाळिंबांपर्यंत, काही लपवलं नाही. काजीनं मधे तोडलं नाही. मग विचारलं,

"साक्षीदारांसमोर जमीन विकली असं कोण म्हणालं?"

"मीच, काजीसाहेब."

"किंमत मिळाली असं?"

"तेही मीच. पण मिळाली नव्हती."

"म्हणजे खोटं बोललास."

"बोललो."

"कशापायी?"

"सारा चुकवायला," दादबेह म्हणाला, आणि भिंतीकडेला बसलेले लोक खो खो हसले. काजीनं हात वर केला तेव्हा थांबले.

"दादबेह, तेव्हा तू बैतुलमालला, सरकारी खजिन्याला फसवायला खोटं बोललास, असं तूच म्हणतोस. मग आज तू वंदादच्या मुलाला फसवायला खोटं बोलत नाहीस, हे मी कशावरून धरू? तुझ्या चेहऱ्यावरून? चेहरा तुझा खरा वाटतो मला. पण मी चेहऱ्यावर निकाल दिले तर ह्या शहरात एकाचं घर त्याच्याकडं राहणार नाही."

"मग मी काय करू?"

"एक पावती आण. ह्या वीस वर्षांतली एक. तुझ्या नावानं सारा भरल्याची, कुठल्याही सालाची चालेल. अरे, जमीन कोणाची हे मी कशावरून ओळखायचं? मातीवर नाव थोडंच असतं. सारा ज्याच्या पाठीवर, जमीन त्याची. एवढंच मला ठाऊक आहे."

पावत्या दादबेहकडं होत्या, पण त्या आसऱ्याच्या आधीच्या. वीस वर्षांत त्यानं सरकारला एक दिरहम दिला नव्हता आणि त्याची फुशारकी मारत आला होता.

घरी येऊन त्यानं दीनकला सांगितलं. ती वाल निवडत होती. निवडता निवडता थांबली.

"मग भरा की."

"काय?"

"सारा. भरा. आत्ता भरा, मागचाही भरा. पावती घ्या."

"कोणाला भरू?"

"सहलानला!"

दोघं एकमेकांकडं बघत राहिली आणि मग दीनकला हसू फुटलं. दादबेहलाही. वाल सांडले, दोघं पोटं धरून हसली. सहलानला! ज्याला बघून हे दार लावायचे, त्याच्या घोड्याला ज्यांनी काठ्या दाखवल्या, ते आता त्याला शोधायला निघणार, बाबा रे, आमच्याकडून सारा घे म्हणून. कित्येक महिन्यांत ते घर असं हसलं नव्हतं. हसणं ओसरल्यावर दीनक उठली आणि आटवलेल्या डाळिंबाच्या रसाचे दोन घडे कापडात बांधायला लागली. "रिकाम्या हातानं जाऊ नका. आणि त्याचे पाय धरा. लाजू नका. लाजायचे दिवस गेले."

बैलजोडी विकली. तांब्याची भांडी विकली. दीनकनं लग्नातली चादर विकली, ती कशाला म्हणून दादबेह भांडला, पण तिनं ऐकलं नाही. आलेले दिरहम तिनं त्याच्या कमरेच्या पट्ट्यात शिवून टाकले आणि टाके दातांनी तोडले.

सहलान आता म्हातारा झाला होता, दात गेले होते, पण कामावर होता. वसुलीच्या वाड्यात तुतीखाली खाटेवर बसून भाकर ताकात बुडवून खात होता. दादबेहनं नाव सांगितलं, गाव सांगितलं. सहलानचे डोळे बारीक झाले.

"संजदान? तू तो धोंडा घेऊन उभा होतास तो! बायकोनं वाळे फेकले होते, तो! आहे का रे ती?"

"आहे, साहेब. हा रस तिनंच पाठवला."

"विष घातलंय?"

"नाही, साहेब."

"घालायला हवं होतं," सहलान म्हणाला आणि रस चाखला. "गोड आहे. ही बाग केव्हा लावली? माझ्या दोरीखाली कधी आली नाही ही. वीस वर्षं तुमच्या गावचं कुत्रंसुद्धा माझ्यावर सरदाराच्या थाटात भुंकायचं. बोल, काय काम काढलंस?"

दादबेहनं पट्टा सोडला आणि त्याच्या पायाशी ठेवला. मग पाय धरले. "साहेब, माझ्यावर सारा बसवा."

कारकून लिहायचे थांबले. एक तर उठून जवळ आला, नीट ऐकू यावं म्हणून. असली विनंती त्या वाड्यात कोणी कधी केली नव्हती.

"पूर्ण बसवा," दादबेह म्हणाला. "बागेचा दर लावा, धान्याचा नको. मागचा सगळा लावा, दंड लावा. हे पुरणार नाही ते मला ठाऊक आहे, बाकीचं मी फेडीन, मेलो तरी बायको फेडील. पण पावती माझ्या नावानं द्या. दादबेह, संजदानचा. एवढं लिहा, साहेब."

सहलान हसायला लागला. हसता हसता ठसका लागला, कारकुनानं पाठ चोळली, आणि डोळे पुसून त्यानं पट्ट्याकडं पाहिलं. पण हात लावला नाही.

"मी उभ्या जन्मात पैशाला नको म्हटलेलं नाही," तो म्हणाला. "आज म्हणायची वेळ आलीय. उचल ते."

"कमी आहेत का?"

"अरे, कमी नाहीत! संजदान माझ्याकडं नाही. वंदाद मेला आणि दरबारानं सगळं गाव फीरुजानला ठरीव रकमेवर लावून दिलं. तो वर्षाला शिराजच्या खजिन्यात दिरहमांची एक गठडी पोचवतो, संपलं. वसुलीवाल्यानं शिवेत पाय टाकायचा नाही, मोजायचं नाही, विचारायचंही नाही. तसा हुकूम आहे. मी तुझ्याकडून एक दिरहम घेतला तर माझंच डोकं जाईल."

"असा कसा हुकूम झाला?"

"असा कसा? वीस वर्षं ज्या गावात दोरी पडली नाही ते गाव मालकाचं खाजगी, असं दरबारानं धरलं. आणि दोरी का पडली नाही? मी आलो होतो ना. माझी पगडी पाडली तुम्ही. सगळ्यांत पुढं कोण होतं?"

दादबेह पट्टा परत कमरेला गुंडाळायला लागला.

"कोण होतं?"

"मी."

"मग?" सहलानचा आवाज चढला, आणि गंमत म्हणजे त्याला आलेला राग आत्ताचा नव्हता, वीस वर्षं साठलेला होता. "मी तुला उन्हात उभं केलं, खरं आहे. मारलंही असेल. माझ्यावरही वरून मार होता, तो तुम्हाला कधी दिसला नाही. पण ती जमीन तुझी आहे असं धरूनच तुला उभं केलं ना? मी तुझ्याकडं दिरहम मागितले, दादबेह. जमीन कधी मागितली?"

दादबेहला रडू आलं नाही. तुतीला हात टेकून तो उभा राहिला. सहलाननं कारकुनाला त्याच्यासाठी पाणी आणायला सांगितलं, आणि भाकरीचा उरलेला तुकडा पुढं केला.

"घे. घरी जा. आता तुझ्याकडं सारा मागायला कोणी यायचा नाही. तुझ्या जन्मात नाही. ज्याच्याकडं जमीन नाही त्याला सारा नाही." मग हळू आवाजात, जणू स्वतःशीच, "माझ्या धाकट्या भावानंही आसराच घेतलाय, तिकडं दाराबगिर्दला. त्याला सांगून बघितलं. तो म्हणतो, तुझ्यासारख्या लांडग्यापासून वाचायला घेतला."

परतीची वाट दोन दिवसांची, दादबेहला चार लागले. मधे एका धर्मशाळेत तो पडून राहिला, ताप नव्हता, काही नव्हतं, उठवत नव्हतं एवढंच. घरी आला तेव्हा दीनक दारातच होती. त्याच्या कमरेला पट्टा जडच्या जड पाहून तिला सगळं कळलं.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, आता तुझ्याकडं कोणी काही मागायचं नाही."

ती उंबऱ्यावर बसली. दादबेह वाट बघत होता की ती आता म्हणेल, मी तेव्हाच सांगितलं होतं. वीस वर्षं ती हे म्हणायला मोकळी होती आणि आज तर तिचा हक्कच होता. ती उठली आणि म्हणाली, "भाकरी खाऊन घ्या." दादबेहला तिनं मारलं असतं तरी इतकं लागलं नसतं.

"किरमानला जाऊ," तो जेवताना म्हणाला. "भाऊ आहे तिथं. असेल तर."

"बैल नाहीत. माझे गुडघे हे असे. आणि भाऊ असेल तर, म्हणता."

"मग काय करायचं, तू सांग."

"मला दरबारातलं काही कळत नाही," दीनक म्हणाली. टोमणा नव्हता तो. तिला खरोखर काही सुचत नव्हतं, आणि हे तिच्या बाबतीत पहिल्यांदाच झालं होतं.

तेव्हा उन्हाळा कडक होता. डाळिंबं धरलेली, अजून हिरवी, आणि पानं कडांनी वळायला लागलेली. आमच्याकडं पाणी भुयारी पाटानं डोंगरातून येतं आणि गावाच्या वर एका दगडी वाटणीवर फुटतं. तिथं पाटकरी उभा राहतो. ज्याची पाळी असेल त्या मालकाच्या नावानं हाक मारतो. मालक नाहीतर त्याचा माणूस "हजर" म्हणतो, मग फळी उचलली जाते. तीन हाकांत कोणी बोललं नाही तर पाणी पुढच्या शेतात जातं. आता गंमत बघा, की ह्या सगळ्या वर्षांत, सरदाराचं नाव कुठं कुठं लागलं असेल, पण वाटणीवर कधी लागलं नाही. आधीचा पाटकरी आणि त्याच्यामागं त्याचा मुलगा रामिश, दोघंही हाक मारायचे ती "दादबेह!" म्हणूनच. असल्या हाकेला काजी पुरावा म्हणत नाहीत. पण गावाला ती ठाऊक होती, आणि दादबेहलाही.

पाळीच्या सकाळी दोघं कुदळ-फावडं घेऊन वर गेली. रामिश वाटणीवर उभा होता. त्याच्यामागं, सावलीत, माहफर्न बसला होता, निळ्या अंगरख्यात. खरबुजाचा डाग अजून गेला नव्हता. रामिशनं दादबेहकडं बघितलं नाही. त्यानं पाण्याकडं बघून हाक मारली.

"फीरुजान, वंदादचा!"

कोणी बोललं नाही. खालच्या शेतातले दोन-तीन जण फावड्यावर रेलून बघत होते. त्यांच्याही पाळ्या पुढं होत्या, त्यांनाही आज ना उद्या ह्याच हाकेला सामोरं जायचं होतं.

"रामिश," दादबेह म्हणाला, "अरे, मी इथं उभा आहे."

"दिसतंय, दादबेहकाका," रामिश म्हणाला. "मला काय सांगितलंय ते मी करतो. मी तरी काय करू?" आणि पुन्हा, मोठ्यानं, "फीरुजान, वंदादचा!"

दादबेहनं दीनककडं बघितलं. तिनं मान वळवली होती, बागेकडं. इथून सगळी बाग दिसत होती, ओढ्यापासून घरापर्यंत, आणि ऊन चढत होतं. ती "बोला" म्हणाली नाही आणि "बोलू नका"ही म्हणाली नाही. ह्या जमिनीचं एकदा त्यानं तिला न जुमानता ठरवलं होतं. आताही तिनं ते त्याच्यावरच सोडलं. माहफर्न अंगरख्याचा काठ बोटांनी चुरगाळत होता.

"फीरुजान, वंदादचा," रामिश तिसऱ्यांदा म्हणाला, आणि ही हाक त्यानं मुद्दाम लांबवली, बिचाऱ्यानं, जेवढी लांबवता येईल तेवढी.

"हजर," दादबेह म्हणाला.

"कोण हजर?" माहफर्ननं सावलीतून विचारलं. विचारायचं त्याला सांगितलेलं होतं.

"त्यांचा माणूस हजर आहे. त्यांचा वाटेकरी."

रामिशनं फळी उचलली. पाणी पाटात शिरलं, धूळ आणि सुकलेली पानं पुढं ढकलत खाली निघालं. दीनकनं झग्याचा काठ खोचला, फावडं घेतलं आणि पाण्याच्या पुढं पुढं चालायला लागली, कारण पाळी छोटी होती आणि झाडं पुष्कळ होती. दादबेह तिच्या मागून गेला.